घरातली शाळा आणि उघडं दार

आजचं मनन: शनिवार, मरियेच्या निष्कलंक हृदयाचा स्मरणदिन
वाचन: अनुवाद 6:4-9
शुभवर्तमान: लूक 2:41-51



आजचं मनन जरा लांबलंय. चहा घेऊन बसा. महिनाभर जो प्रश्न माझ्या डोक्यात फिरतोय, तोच नेमका आजच्या शुभवर्तमानात समोर आला.

राजापेठेत सध्या सगळीकडे शाळेचीच धामधूम आहे. दप्तरं, डबे, रेनकोट, वह्यांना कव्हरं. आपल्या विदर्भात ऊन लवकर हटत नाही, म्हणून शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीला उघडतात. त्यामुळे हा मधला पंधरवडा आईबापांच्या खरेदीचा असतो. आमच्या घरी मात्र अजून दप्तर आलेलं नाही. मोठी लेक सहा वर्षांची आहे, धाकटा चार वर्षांचा आणि शेंडेफळ आठ महिन्यांचं. मोठीला यंदा घरीच शिकवायचं, असं मी आणि नवऱ्याने ठरवलंय.

ठरवणं सोपं होतं. वर्षाची आखणी करायला बसले आणि खरी परीक्षा सुरू झाली.

पहिली आखणी मी मे महिन्यातल्या रात्री जागून केली. मुलं झोपली की लॅपटॉप उघडायचा आणि एक्सेल शीट भरत बसायचं. वर्ष उपासनेच्या काळांप्रमाणे मांडलं. आगमनकाळाला जांभळा रंग, नाताळ आणि पुनरुत्थानकाळाला पांढरा, सामान्यकाळाला हिरवा. 15 ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मरियेचं स्वर्गारोहण एकत्र, 1 ऑक्टोबरला छोटी तेरेजा, 2 नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन आजोबांच्या कबरीवर मेणबत्ती. संत्र्याच्या फोडींवरून अपूर्णांक, तुरीच्या दाण्यांवरून दशक-एकक. साडेआठ ते नऊ प्रार्थना, नऊ ते साडेनऊ मराठी, मग इंग्रजी, मग गणित, मग धर्मशिक्षण. प्रिंटआउट काढली, लॅमिनेट केली आणि फ्रिजवर लावली. खरं सांगते, ती बघून मला फार पवित्र वाटलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तालीम म्हणून आम्ही ती चालवून बघितली. सोमवारी बाळाला दात येत होते. मंगळवारी दुपारी लाइट गेली आणि कूलर बंद पडला. बुधवारी मोठी टेबलाखाली जाऊन बसली, काही केल्या बाहेर येईना. मी आवाज चढवला. ती आतूनच म्हणाली, "आई, तू टीचर झाली की रागावतेस."

त्या रात्री मी अनुवादाचा सहावा अध्याय उघडला. घरी शिकवणारे ख्रिस्ती पालक हा उतारा हमखास पुढे करतात. मीही केला होता, माझ्या सासऱ्यांपुढे. पण त्या रात्री तो नीट वाचला. मुलांना शिकवा, हे मोशे नंतर सांगतो. त्याआधी ही वचनं तुमच्या स्वतःच्या हृदयात असू द्या, असं सांगतो. आणि शिकवायच्या म्हणून ज्या वेळा देतो त्या बघा: घरात बसलेले असताना, वाटेने जाताना, रात्री आडवं होताना, सकाळी उठताना. साडेआठ ते नऊ असं त्यात काही नाही. दिवस जसा आहे तसाच तो घेतो, दात येणारं बाळ आणि बंद कूलर यांच्यासकट. शेवटी सांगतो की हे दाराच्या चौकटीवर लिहा. भिंतीवर नाही, फ्रिजवर तर नाहीच. चौकटीवर. जिथून आपण बाहेर जातो आणि लोक आत येतात, तिथे.

तेव्हा मला वाटलं, माझी चूक एवढीच की वेळापत्रक फार घट्ट झालं. जरा सैल केलं की झालं. पण खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली, शेजारच्या काकूंकडून.

काकू आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या. माझ्या तिन्ही बाळंतपणांत डिंकाचे लाडू त्यांच्या घरून आले. नवरात्रात अनवाणी अंबादेवीला जातात आणि नाताळात आमच्या गोठ्यासाठी गवत आणून देतात. त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "काय वं माय, पोरीचं दप्तर नाही आनलं अजून?"

मी सांगितलं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घरीच शिकवनार? मंग थे खेळनार कोनासंग?"

मी काहीबाही उत्तर दिलं. मग त्या जे म्हणाल्या ते अजून कानात आहे. "मले बी घरीच ठेवलं होतं बाप्पा. चौथी झाली, बापानं म्हटलं बस झालं. घरी ठेवनं काय असते, थे मले इचार."

मी घरात येऊन ती लॅमिनेट केलेली शीट पुन्हा पाहिली. त्यात संत होते, सण होते, फोडी आणि दाणे होते. पण माझ्या तीन मुलांशिवाय दुसरं एकही मूल नव्हतं. काकू नव्हत्या. गल्ली नव्हती. मी लेकीचं अख्खं वर्ष आखलं होतं आणि त्यात माणूस म्हणून फक्त मीच होते.

आता जरा अमरावतीकडे बघा. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात 1876 साली गाडगेबाबा जन्मले. स्वतः कधी शाळेत गेले नाहीत. पण हातात खराटा घेऊन गावोगाव सांगत हिंडले की घरची भांडी विकावी लागली तरी चालेल, पोरांना शिकवा. याच जिल्ह्यातल्या पंजाबराव देशमुखांनी 1932 साली इथे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती शेतकऱ्या-कष्टकऱ्यांची पोरं शिकावीत म्हणून. आपल्या सिस्टर आणि फादर लोकांनीही विदर्भात आणि मेळघाटात शाळा काढल्या, त्या याच कळकळीने. काकूंच्या पिढीतल्या मुली ज्या दारासाठी रडल्या, ते दार माझ्या लेकीसाठी सताड उघडं आहे आणि मी म्हणतेय, नको. हे म्हणायचा मला हक्क आहे का?

कायद्याचंही सांगायला हवं. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क देतो आणि मुलाचं नाव शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतो. त्या कलमात पालकाला शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकणारी बरीच मुलं पुढे मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. पण शिक्षा नाही म्हणून प्रश्नच नाही, असं मला म्हणता येईना. तो कायदा काकूंसारख्या मुलींसाठी आहे. माझ्या सोयीसाठी मी त्याच्याकडे पाठ फिरवणार असेन, तर माझं कारण तरी खरं हवं.

माझं कारण काय होतं?

नवऱ्याने एका रात्री तेच विचारलं. भांडी घासता घासता म्हणाला, "तुला नक्की भीती कशाची वाटते?" मी म्हटलं, भीती कसली, हे तर आपलं पाचारण आहे. तो काहीच बोलला नाही, नुसता कढई घासत राहिला. आणि माझं मलाच ऐकू आलं की मी खोटं बोलतेय.

मला भीती वाटते. सातवीत असताना मी गळ्यातल्या साखळीचा क्रूस फ्रॉकच्या आत लपवायचे. मला कुणी त्रास दिला नव्हता, कुणी काही बोललंही नव्हतं. फक्त वर्गात तसा क्रूस माझ्या एकटीच्याच गळ्यात होता आणि मला सगळ्यांसारखं दिसायचं होतं. तो लपवलेला क्रूस मला अजून टोचतो. लेकीवर ती वेळ येऊ नये म्हणून मी तिला वर्गातच पाठवत नव्हते. श्रद्धा तिच्यात रुजावी हे वरचं कारण होतं. ती आमच्यातून निघून जाऊ नये हे खालचं कारण होतं. दोन्ही एकच वाटतात, पण एक नाहीत.

माझ्या शीटवर सगळ्यात वर छोट्या तेरेजाचं चित्र होतं. ती आठ वर्षांची होईपर्यंत घरीच शिकली, आधी आईकडे, मग बहिणींकडे. नंतरची शाळेतली वर्षं तिला फार जड गेली. झालं ना सिद्ध? पण मी हे विसरले होते की त्याच घरातल्या मोठ्या दोघी, मरी आणि पोलीन, लहानपणीच बोर्डिंगमध्ये शिकल्या. पाचही बहिणी पुढे धर्मभगिनी झाल्या आणि त्यांच्या आईबापांना 2015 साली ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केलं. म्हणजे घरी ठेवल्याने संत घडतात असंही नाही आणि शाळेने बिघडतात असंही नाही. आपण उदाहरणं आपल्या सोयीची उचलतो.

मग मला एक गैरसोयीचं उदाहरण आठवलं. आपल्या मराठी मुलखातलंच. पंडिता रमाबाई.

1858 साली जन्मलेली ही मुलगी कुठल्याही शाळेत गेली नाही. तिचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला देववाणी शिकवतो म्हणून लोकांचा विरोध झाला. ते कुटुंब घेऊन गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. दिवसभर घरच्या कामांमुळे वेळ नसायचा म्हणून पहाटे, झोपेत असलेल्या पोरीला मायेने उठवून, मांडीवर घेऊन. मी ते वाचते तेव्हा मला माझी साडेआठची प्रार्थना आठवते आणि लाज वाटते. ती शाळा भीतीतून नाही, धाडसातून निघाली होती. लोक शिकू देत नव्हते, म्हणून ते घरी शिकवत होते.

आणि पुढे? दुष्काळात आईवडील गेले. 1878 साली कलकत्त्यात या मुलीची विद्वत्ता पाहून पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे तिने आपल्या छोट्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ती कॅथलिक झाली नाही, अँग्लिकन पंथात गेली. तिथेही ती मुकाट बसली नाही. मनोरमेला धर्माचं काय शिकवावं यावरून वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी तिचे पत्रांतून चांगलेच मतभेद झाले. पुढे केडगावला मुक्तिसदन उभारलं आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं.

आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट आनंदाने सांगतो, कारण ती आपल्या बाजूला संपते. आज ती दुसऱ्या बाजूने बघा. अनंतशास्त्री आणि लक्ष्मीबाई हे भाविक हिंदू होते. त्यांनी मुलीला पुराणं शिकवली, तीर्थं दाखवली, पहाटेची झोप मोडून आपली सगळ्यात मोलाची ठेव दिली. त्याच ठेवीच्या बळावर ती विचार करायला शिकली आणि त्यांच्या वाटेवरून उतरली. ते तेव्हा हयात असते तर त्यांचं काळीज फाटलं असतं.

आता तोच प्रश्न मला स्वतःला: माझ्या लेकीला मी इतकं खरं शिकवेन का, की उद्या ती माझ्याशी असहमत होऊ शकेल? की एवढंच शिकवेन, जेवढ्याने ती जवळ राहील? रमाबाईचं मन मोकळं होतं म्हणून मी देवाचे आभार मानते. मग माझ्या मुलीचं मन मी कोणत्या तोंडाने बंद करू?

याचं सरळ उत्तर मला मिळालं नाही. मिळाला तो लेकीचाच एक प्रश्न, रात्री माळेचं एक रहस्य म्हणून झाल्यावर.

"आई, काकू स्वर्गात येतील का?"

माझ्या धर्मशिक्षणाच्या रकान्यात हा धडा नव्हता. पहिल्या महिन्यात क्रुसाची खूण, दुसऱ्यात 'हे आमच्या स्वर्गातील बापा', तिसऱ्यात संरक्षक देवदूत. मी म्हटलं, "देव काकूंना आपल्यापेक्षा जास्त ओळखतो. आणि त्याचं त्यांच्यावर आपल्यापेक्षा जास्त प्रेम आहे." तिने थोडा विचार केला. "मग मी पण त्याला सांगून ठेवते," म्हणाली आणि झोपली. मी मात्र जागीच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे दस्तऐवज पुन्हा काढले. घरी शिकवणाऱ्या कॅथलिक पालकांचा लाडका दस्तऐवज म्हणजे 'ग्राविसिमुम एदुकात्सिओनिस', ख्रिस्ती शिक्षणावरचा. आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असं तो सांगतो. त्यावर तारीख आहे 28 ऑक्टोबर 1965. आणि इतर धर्मांशी आपलं नातं कसं असावं हे सांगणारा 'नोस्त्रा एताते', ज्यात ख्रिस्तसभा म्हणते की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, त्यावरची तारीख? तीच. 28 ऑक्टोबर 1965.

एकाच दिवशी, एकाच परिषदेत, एकाच पोपच्या सहीने. मी पहिल्यातली वाक्यं आईबापांच्या ग्रुपवर कितीदा टाकली असतील. दुसरा मी कॉलेजनंतर उघडलाही नव्हता. घराला शाळा करा हे मी ऐकलं. शेजाऱ्याच्या घरात जे पवित्र आहे त्याचा आदर करा, हे त्याच दिवशी सांगितलेलं मी सोडून दिलं. तुमचं दार मुलांना वाढवण्यासाठी आहे, हे खरं. पण ते काकूंसाठीही उघडं असायला हवं.

आणि आपली मराठी ख्रिस्ती परंपरा तरी कशी सुरू झाली? फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणं ऐकायची सवय होती, त्यांना येशूची कथा त्याच थाटात हवी होती. म्हणून इंग्लंडात जन्मलेल्या त्या येशूसंघीय फादरने ओवी उचलली. ज्ञानेश्वरांची, एकनाथांची ओवी. शेजारच्या घरातून. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकांची भाषाच सोडायला लावणारा हुकूम काढला. आपला सगळ्यात जुना वारसाच शेजारच्या ओट्यावर बसून शिकलेला आहे. माझ्या शीटमध्ये मात्र ओट्याला जागा नव्हती.

आता आजच्या शुभवर्तमानाकडे या.

बारा वर्षांचा येशू यरुशलेमला मागे राहतो. मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून जातात, तो सोबतच्या मंडळींत असेल असं समजून. पूर्वी मला हा निष्काळजीपणा वाटायचा. आज वाटतं, किती भरवसा होता! तो मुलगा फक्त त्या दोघांचा नव्हता. नातलग होते, ओळखीचे होते, सगळा तांडा त्याच्यावर लक्ष ठेवून होता. मग तीन दिवसांनी तो सापडतो मंदिरात, गुरूंच्या मधोमध बसलेला. ऐकत होता, प्रश्न विचारत होता. नाझरेथच्या घरात देवाचं वचन ऐकतच तो वाढला होता, तरी इतरांकडूनही शिकत होता.

आई दुखावून विचारते, असं का केलंस? तो जे उत्तर देतो ते दोघांनाही समजत नाही. लूक हे लपवत नाही. जगातल्या सगळ्यात पवित्र घरातल्या आईबापालाही आपलं मूल पूर्ण समजलं नाही. मग तो त्यांच्याबरोबर नाझरेथला परत जातो आणि त्यांच्या आज्ञेत राहतो. आणि मरिया हे सगळं हृदयात जपून ठेवते. आज आपण त्याच हृदयाचा स्मरणदिन पाळतोय.

पुढच्या वर्षी मरियेने त्याला यरुशलेमला नेलंच नाही, असं लूक कुठेही लिहीत नाही. तिने न समजलेलं उत्तर हृदयात ठेवलं आणि दार उघडंच ठेवलं. घर हवंच. नाझरेथची ती लांबलचक वर्षं हवीतच. पण मूल आधी पित्याचं आहे, मग आपलं.

तर आमची नवी आखणी एका पानाची आहे, हाताने लिहिलेली.

सकाळी दीड तास अभ्यास. सहा वर्षांच्या मुलीला तेवढा पुरतो. जेवणाआधी आणि झोपताना प्रार्थना. बाळ रडलं तर बाळाला घेणं हाच त्या दिवसाचा धडा. शनिवारी बाबा शिकवतील: खिळा कसा ठोकायचा, सायकलचं पंक्चर कसं काढायचं, बिल कसं वाचायचं. योसेफही सुतारच होता.

मंगळवार-शुक्रवार दुपारी काकूंचा ओटा. लेक बालभारतीचं पुस्तक मोठ्याने वाचेल आणि काकू ओळीवरून बोट फिरवतील. ही काकूंचीच अट. "मले बी येते वाचता, थोडंसं," म्हणाल्या. संध्याकाळी साडेपाचला गल्लीतल्या पोरांसोबत खेळ, त्याला सुट्टी नाही. तान्ह्या पोळ्याला तीही लाकडी बैल घेऊन सगळ्यांबरोबर जाईल. रविवारी मिस्सा आणि चर्चमधल्या बाकी मुलांबरोबर धर्मशिक्षण. आगमनकाळात 20 डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, आम्ही खराटा घेऊन गल्ली झाडू. येणाऱ्या प्रभूची वाट साफ करायची ती आणखी कशी करणार?

आणि 19 मार्चला, संत योसेफाच्या सणाला, आम्ही लेकीला विचारू. शाळेत जायचंय का? ती हो म्हणाली तर तिला दुसरीत घालू. कायद्यानेच तिला वयाप्रमाणे वर्ग मिळायचा हक्क आहे. मी तेव्हा रडेन कदाचित. पण तिच्या गळ्यात क्रूस असेल आणि तो आत ठेवायचा की बाहेर, हे ती ठरवेल. मी फक्त एवढंच सांगेन की मी तो लपवला होता, आणि प्रभू तरीही माझ्याजवळच होता.

काकूंना माझं अजून पटलेलं नाही. सासऱ्यांनाही नाही. माझी भीतीही पूर्ण गेलेली नाही. पण ती आता आखणी करत नाही, एवढं नक्की.

आज स्वतःला विचारूया

लग्न झालेलं नसेल, मुलं नसतील, तरी हे प्रश्न आपले आहेत. लहान भावंडं असतील, ट्यूशनची मुलं असतील, युवा ग्रुपमधली पोरं असतील.

1. मी ज्याला श्रद्धा शिकवतोय किंवा शिकवतेय, त्याला देव मिळावा म्हणून, की तो माझ्यापासून दूर जाऊ नये म्हणून?
2. माझ्या दिवसाच्या आखणीत माझ्या धर्माबाहेरचा एक तरी माणूस आहे का, ज्याच्याकडून मी काही शिकतो?
3. कुणाचं कोणतं उत्तर मला अजून समजलेलं नाही? त्यावर लगेच वाद घालण्याऐवजी मी ते मरियेसारखं हृदयात ठेवू शकेन का?

आज रात्री झोपण्याआधी एका शेजाऱ्याचं नाव प्रार्थनेत घ्या. जमलं तर उद्या त्यांच्या दारी जा, काही काम नसताना.

प्रार्थना

हे पित्या, ही मुलं तुझी आहेत, आम्ही थोड्या वर्षांचे राखणदार. आमच्या भीतीला आम्ही भक्ती म्हणू लागलो तर आम्हाला थांबव. आमच्या घरात तुझं वचन राहू दे आणि आमच्या दाराला कडी नसू दे. मरिये, तुला न समजलेलं तू जसं जपून ठेवलंस, तसं आम्हालाही शिकव. आमच्या काकूंना आणि आम्हाला एक दिवस एकाच घरी आण. आमेन.